ठासणीची बंदूक निवडताना

ठासणीची बंदूक म्हटली की कोकणातल्या माणसाला घराच्या माळ्यावरची, गंजलेली बंदूक आठवते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं. पण नोकरीनिमित्त मी बरीच वर्षं अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात राहिलो. तिथे हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी परवान्याने शिकार होते आणि ठासणीच्या बंदुकीला वेगळा हंगाम असतो. ती बंदूक कशी निवडावी, हे मला एका चुकीतून कळलं.

या बंदुकांचे मुख्य प्रकार तीन. पहिली चकमकीची. चाप ओढला की गारगोटी पोलादावर घासते, ठिणगी रंजकावर पडते आणि कानातून आग आत जाते. दुसरी केपाची. तिसरी नव्या बांधणीची. तिच्यात केप नळीच्या थेट मागे, सरळ रेषेत बसते. ही बांधणी १९८५ नंतर लोकप्रिय झाली. ती ओलसर हवेतही सहसा दगा देत नाही, साफ करायला सोपी आणि शंभर यार्डांपलीकडेही नेम धरते. मग तीच का घेऊ नये? जरूर घ्यावी, पण आधी हंगाम पाहावा. पेनसिल्व्हेनियात ऑक्टोबरमधल्या हंगामात ती चालते. नाताळनंतरचा, १९७४ मध्ये सुरू झालेला हंगाम मात्र फक्त चकमकीचा.

मी पहिल्या वर्षी शेजाऱ्यांची चकमकीची बंदूक मागून नेली. सराव जेमतेम एका दुपारचा. बर्फ भुरभुरत होतं. नव्वद यार्डांवर एक मादी उभी राहिली. मी चाप ओढला. रंजक दमट झालं होतं, ते फुसफुसलं आणि बार क्षणभर उशिरा उडाला. तेवढ्यात ती वळली. गोळी मागच्या पायाला लागली. अंधार पडेपर्यंत आम्ही बर्फावरच्या रक्ताच्या थेंबांमागे चालत होतो. ती सापडली दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्रभर ती जिवंत असणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. शेजारी एवढंच म्हणाले, "बंदूक माझी होती, अंतर तुम्ही ठरवलंत."

पुढच्या वर्षी मी स्वतःची बंदूक घेतली, तेव्हा क्रम उलटा केला. आधी अंतर, मग बंदूक. आमच्या दाट रानात हरीण बहुधा पन्नास यार्डांच्या आतच दिसे. तेवढ्याला कापडात गुंडाळलेली शिशाची गोल गोळी पुरते. अशा गोळीला नळीतले आटे सावकाश वळणारे लागतात, साठ-सहासष्ट इंचांत एक फेरा. लांबट गोळीला अठ्ठावीस इंचांत एक, असे घट्ट वळणाचे. म्हणून दुकानात किमतीआधी आट्यांची चौकशी करावी. नळीचा व्यास अर्धा इंच, म्हणजे पॉइंट पन्नास, हरणाला योग्य. त्याच्या गोळ्याही सहज मिळतात. बंदूक खांद्याला लावून पाहावी. डोळा आपोआप माशीवर आला पाहिजे.

दारू काळी किंवा तिच्या जागी चालणारीच वापरावी आणि मापाने घालावी. आधुनिक काडतुसातली बिनधुराची दारू कधीही नाही, नळी फुटते. गोळी दारूवर घट्ट टेकली आहे ना, हे गजावर खूण करून तपासावं. घरी आल्यावर नळी त्याच दिवशी गरम साबणाच्या पाण्याने धुवावी.

शेवटची कसोटी कागदी ताटलीची. ज्या अंतरावरून पाचापैकी पाच गोळ्या ताटलीत बसतील, तेच आपलं अंतर. माझं पंचेचाळीस यार्ड निघालं. त्या हंगामात साठ यार्डांवर एक देखणा नर उभा राहिला. मी बंदूक खाली ठेवली आणि तो झाडीत शिरेपर्यंत पाहत राहिलो. रिकाम्या हाताने परतलो, पण त्या रात्री झोप मात्र शांत लागली.