घरातील उंदरांचा बंदोबस्त : सापळ्याची निवड आणि वापर
(भाषणाचा मजकूर)



मनुष्याने धान्य साठवावयास आरंभ केला, तेव्हापासून उंदीर त्याच्या घराचा भागीदार झालेला आहे. गणपतीचे वाहन म्हणून त्यास देव्हाऱ्यात स्थान मिळाले. कणगी, कोठी आणि माळा येथील स्थान मात्र त्याने स्वतःच मिळविले. शिंकाळ्याची योजना आपल्या पूर्वजांनी केली ती त्याच्यापासून अन्न वाचविण्यासाठीच. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. त्यामुळे तो खातो त्याहून अधिक कुरतडतो आणि कुरतडतो त्याहून अधिक लेंड्या व मूत्र यांनी नासवितो.

प्रश्न केवळ धान्याचा नाही. १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि पुढे या रोगाने महाराष्ट्रात हाहाकार उडविला. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने उंदरावरील पिसू हा रोग पसरविते, हे दाखवून दिले. १९९४ साली बीड जिल्ह्यात आणि सुरतेत प्लेगने पुन्हा डोके वर काढले. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. या रोगाचे जंतू उंदराच्या मूत्रावाटे पाण्यात मिसळतात.

विषापेक्षा सापळा बरा

उंदीर दिसताच अनेक घरांत प्रथम विष आणले जाते. तथापि झिंक फॉस्फाइड आणि पिवळा फॉस्फरस या विषांवर खात्रीचा उतारा उपलब्ध नाही. लहान मूल असलेल्या घरात असे विष भाकरीला लावून ठेवणे म्हणजे संकटास आमंत्रण देणे होय. शिवाय विष खाल्लेला उंदीर छतात किंवा भिंतीच्या पोकळीत मरतो आणि दुर्गंधी पसरते. सापळ्यात तसे होत नाही. किती उंदीर पकडले गेले ते दिसते व त्यांची विल्हेवाट वेळीच लावता येते.

कोणासाठी कोणता सापळा?

सापळा निवडण्यापूर्वी घरात वावरणारा प्राणी कोणता, हे ओळखणे अगत्याचे आहे. लहान घरउंदीर शिसपेन्सिलीएवढ्या फटीतून आत येतो. त्याच्या लेंड्या तांदळाच्या दाण्याएवढ्या असतात. मोठा काळा उंदीर माळ्यावर, वाशांवर व छतावर वावरतो. घूस मोरीजवळ आणि जोत्याखाली बिळे पोखरते. चिचुंद्री तर उंदराच्या जातीचीच नव्हे. ती झुरळे व किडे खाते, म्हणून पिंजऱ्यात आलीच तर तिला सोडून द्यावे.

लहान उंदरासाठी लाकडी फळीवरचा खटक्याचा छोटा सापळा पुरेसा असतो. मोठ्या उंदरासाठी मोठा व जोरदार स्प्रिंगचा सापळा हवा. लहान सापळ्यात तो केवळ जखमी होतो आणि पुन्हा सापळ्याजवळ फिरकत नाही. घुशीसाठी भक्कम तारेचा मोठा पिंजराच वापरावा. लहान मुले अथवा पाळीव प्राणी असतील त्या घरात खटक्याचा सापळा त्यांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवावा, अन्यथा पिंजरा पसंत करावा. चिकट पुठ्ठ्यावर अडकलेला प्राणी तासन् तास तडफडतो. या कारणास्तव भारतीय पशू कल्याण मंडळाने त्याच्या वापराविरुद्ध सूचना काढल्या आहेत.

मांडण्याची पद्धत

सापळा आणूनही उंदीर सापडत नाही, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. दोष बहुधा सापळ्याचा नसून मांडणीचा असतो. उंदीर मोकळ्या जागेतून सहसा जात नाही. तो भिंतीच्या कडेने ठरावीक वाटेने जातो, आणि त्या वाटेवर तेलकट काळे डाग व लेंड्या आढळतात. सापळा तेथेच मांडावा. खटक्याचा सापळा भिंतीशी काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे करून ठेवावा. पिंजरा मात्र भिंतीला समांतर, तोंड वाटेच्या दिशेने ठेवावा.

दोन्ही प्राण्यांचे स्वभाव भिन्न आहेत. मोठा उंदीर संशयी असतो. नवी वस्तू दिसली की काही दिवस तो तिला टाळतो. म्हणून पहिले तीन-चार दिवस खटका न लावता केवळ आमिष ठेवावे आणि ते निर्धास्तपणे खाल्ले जाऊ लागले की एका रात्री सर्व सापळे एकदम लावावेत. लहान उंदीर याउलट जिज्ञासू असतो. तो बिळापासून फार दूर जात नाही व अनेक ठिकाणी थोडे-थोडे खातो. त्याच्यासाठी दोन-तीन मीटर अंतरावर अनेक सापळे मांडणे फलदायी ठरते.

आमिष वाटाण्याएवढे पुरे. भाजलेले खोबरे, शेंगदाणा, भजे, सुका बोंबील यांपैकी जे घरातील उंदीर खातात तेच वापरावे. ते दोऱ्याने बांधावे, म्हणजे ओढताना खटका पडतो. मात्र ओट्यावर उष्टे आणि डब्याबाहेर पीठ असेल, तर सापळ्यातील खोबऱ्याकडे उंदीर का वळावा? सापळा मांडण्यापूर्वी अन्न झाकणे ही पहिली पायरी होय.

सापडल्यानंतर

सापळे रोज सकाळी पाहावेत. पिंजऱ्यातील उंदीर शेजारच्या गल्लीत सोडण्याची प्रथा सर्वस्वी अयोग्य आहे. तो परत येतो किंवा दुसऱ्याच्या घरात शिरतो. त्याला बादलीत बुडविणेही क्रूरपणाचे आहे. नीट मांडलेला जोरदार खटका तत्काळ मृत्यू देतो, हा त्याचा मोठा गुण आहे. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये. हातमोजे वापरून तो खोल पुरावा, सापळा गरम पाण्याने व साबणाने धुऊन उन्हात वाळवावा. लेंड्या कोरड्या झाडू नयेत. प्रथम ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाने भिजवून मग पुसाव्यात.

एक इशारा विशेष महत्त्वाचा आहे. विष घातलेले नसताना एकामागून एक उंदीर मरून पडू लागले, तर सापळे लावू नयेत व मेलेल्या उंदरांना हात लावू नये. आरोग्य केंद्रास त्वरित कळवावे. उंदीर मेला की त्याच्या अंगावरील पिसवा दुसरे शरीर शोधतात. म्हणून अशा वेळी आधी पिसवांचा नाश करावा लागतो. “उंदीर पडू लागले” या शब्दांनी मागील पिढ्या गाव सोडून माळावर झोपड्यांत का जात, याचे कारण येथेच आहे.

मादी सुमारे तीन आठवड्यांत विते आणि तिची पिले दोन-तीन महिन्यांत स्वतः प्रजननक्षम होतात. एका घराने दोन उंदीर मारून ही वाढ थांबत नाही. मोरीच्या तोंडाला जाळी, दाराखाली पत्र्याची पट्टी, बिळांत काचेचे तुकडे मिसळलेले सिमेंट आणि कचऱ्याला झाकण ही कामे सापळ्याच्या जोडीने झाली पाहिजेत. संपूर्ण चाळीने किंवा आळीने ती एकाच आठवड्यात केली, तर सापळ्यातून सुटलेल्या उंदराला आश्रयासाठी दुसरे घर उरणार नाही.