लिटल रॉकचे शिक्षक



दीक्षान्त समारंभात पाहुण्यानं थोरामोठ्यांची चरित्रं सांगावीत असा रिवाज आहे. मी मात्र काही हायस्कूलच्या शिक्षकांबद्दल बोलणार आहे, आणि त्यांची नावं तुम्ही बहुधा ऐकलेली नसतील. ते अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, लिटल रॉक या शहरात शिकवत होते. काळ 1942 ते 1960. या शहरातल्या नऊ कृष्णवर्णीय मुलामुलींची गोष्ट जगभर सांगितली जाते आणि ती सांगायलाच हवी. पण तुम्ही उद्या फळ्यासमोर उभे राहणार आहात, तेव्हा त्या गोष्टीत शिक्षक कुठे होते हे तुम्ही विचारलं पाहिजे.

आधी अमेरिकन हायस्कूल कसं चालायचं ते सांगतो. आपल्याकडे मुलं जागेवर बसलेली असतात आणि शिक्षक वर्गावर येतो. तिथं उलट. शिक्षकाची खोली ठरलेली, आणि घंटा झाली की शेकडो मुलं वह्यापुस्तकं सावरत व्हरांड्यातून पुढच्या तासाच्या खोलीकडे निघायची. त्यामुळे इमारतीचे आपोआप विभाग पडत. इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं, लॅटिन-फ्रेंच-स्पॅनिश एका बाजूला. टंकलेखन आणि लघुलेखन शिकवणारा वाणिज्य विभाग, सुतारकाम आणि यंत्रकामाच्या कार्यशाळा, गृहविज्ञान, बँड, व्यायामशाळा दुसऱ्या बाजूला. व्यावसायिक विषयांना 1917 च्या स्मिथ-ह्यूज कायद्यानं केंद्र सरकारचा पैसा मिळू लागला आणि हा दुसरा भाग चांगलाच वाढला. प्रत्येक विभागाला एक प्रमुख. तो स्वतः तास घेई, शिवाय पुस्तकं निवडणं, नव्या शिक्षकाला सांभाळून घेणं, कुणाला कोणता वर्ग द्यायचा ते मुख्याध्यापकांशी बोलून ठरवणं ही कामंही त्याच्याकडे असत. शिक्षकाचा खरा गोतावळा म्हणजे त्याचा विभाग.

डॉक्टरचा मुलगा आणि गवंड्याचा मुलगा एकाच छपराखाली शिकतात, याचा अमेरिकेला फार अभिमान होता. हार्वर्डचे माजी अध्यक्ष जेम्स ब्रायंट कोनंट यांनी देशभर शाळा पाहून 1959 मध्ये या सर्वसमावेशक हायस्कूलची बाजू घेणारं पुस्तक लिहिलं. ते मूळचे रसायनशास्त्रज्ञ, त्यामुळे शिफारशी मोजूनमापून केलेल्या. इंग्रजीच्या एका शिक्षकाकडे शंभरापेक्षा जास्त विद्यार्थी नसावेत, ही त्यातलीच एक, कारण निबंध तपासायला वेळ लागतो. तुमच्यातल्या मराठीच्या शिक्षकांनी हा आकडा नोकरीच्या पहिल्या वर्षी मुख्याध्यापकांसमोर काढू नये. दुसऱ्या वर्षी जरूर काढावा.

पण छप्पर एक असलं तरी खोल्या वेगळ्या होत्या. कोण कार्यशाळेत जाणार, कोण बीजगणिताला बसणार, कोणती मुलगी टंकलेखनाकडे वळणार, हे समुपदेशक आणि शिक्षक ठरवत. कोनंट यांनाही प्रत्येक विषयात कुवतीनुसार गट हवेच होते. वरच्या साधारण 15 टक्के मुलांनी चार वर्षं गणित आणि परदेशी भाषा घ्यावी असं त्यांचं म्हणणं. सगळ्या थरांची मुलं मुद्दाम एकत्र बसावीत म्हणून त्यांनी एकच अभ्यासवर्ग राखला, तो म्हणजे बारावीचा लोकशाहीच्या प्रश्नांवरचा तास. मला हे वाचताना नेहमी मौज वाटते, आणि थोडा रागही येतो. एकत्र बसण्याची वेळ आली ती फक्त लोकशाहीवर चर्चा करण्यापुरती. अर्थात अ तुकडी आणि ड तुकडी पाडणाऱ्यांनी फार हसू नये. दहावीला सामान्य गणिताचा पर्याय आपणही काही वर्षं ठेवला होता, आणि त्या वर्गात कोणाची मुलं बसत हे इथल्या जुन्या शिक्षकांना विचारा.

लिटल रॉकमध्ये तर छप्परही एक नव्हतं. 1927 मध्ये पंधरा लाख डॉलर खर्चून बांधलेलं सेंट्रल हायस्कूल गोऱ्या मुलांसाठी. कृष्णवर्णीयांसाठी 1929 मध्ये डनबार हायस्कूल उघडलं. डनबारच्या इंग्रजी विभागाच्या प्रमुख होत्या सू मॉरिस, पुढे सू कोवन विल्यम्स या नावानं ओळखल्या गेलेल्या. शहरातल्या कृष्णवर्णीय शिक्षकांना तेवढ्याच शिक्षणावर, तेवढ्याच अनुभवावर गोऱ्या शिक्षकांपेक्षा कमी पगार मिळे. 1942 मध्ये मॉरिसबाईंनी शाळा मंडळावर दावा लावला. त्यांच्या वकिलांत थर्गुड मार्शल होते, पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले तेच. मंडळाचा बचाव असा की पगार वंशावर ठरत नाही, प्रत्येकाची गुणवत्ता बघून ठरतो. गुणवत्ता मोजणारेही अर्थात मंडळाचेच. खालच्या न्यायालयानं हा बचाव मान्य केला. अपिलात 1945 मध्ये मॉरिसबाई जिंकल्या. पण त्याआधीच त्यांची नोकरी गेली होती. त्यांना परत घेतलं ते 1952 मध्ये. म्हणजे समान पगार इतरांना मिळू लागला, आणि ज्यांनी तो मिळवून दिला त्या कितीतरी वर्षं वर्गाबाहेर राहिल्या. आज लिटल रॉकमध्ये त्यांच्या नावाचं सार्वजनिक ग्रंथालय आहे.

ही हकीकत मी थोडी रेंगाळत सांगितली, त्याला कारण आहे. तुमच्यातले बरेच जण शिक्षण सेवक म्हणून मानधनावर नोकरी सुरू करतील, काही जण तासिका तत्त्वावर. शेजारच्या टेबलावरचा सहकारी तेच काम तुमच्या कितीतरी पट पगारावर करत असेल. त्याचा राग त्या सहकाऱ्यावर काढू नका. मॉरिसबाईंनी गोऱ्या शिक्षकांचा पगार कमी करा असं म्हटलं नव्हतं.

आता 1957. सर्वोच्च न्यायालयानं 1954 मध्येच वंशानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या होत्या. लिटल रॉकच्या मंडळानं ठरवलं की गोरी आणि कृष्णवर्णीय मुलं एकत्र शिकवायची सुरुवात एकट्या सेंट्रलपासून करायची. त्याच वर्षी शहराच्या सधन पश्चिम भागात हॉल हायस्कूल नव्यानं उघडलं होतं. तिथं सगळे गोरेच राहिले, आणि मिसळण्याचा सगळा भार कामगार वस्तीतल्या मुलांच्या शाळेवर आला. सप्टेंबरमध्ये गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी राज्याच्या नॅशनल गार्डचे सैनिक उभे करून सेंट्रलमध्ये दाखल व्हायला आलेल्या त्या नऊ कृष्णवर्णीय मुलामुलींना दारातून परत पाठवलं. तीन आठवड्यांनी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी 101 व्या एअरबोर्न डिव्हिजनचे सैनिक पाठवले आणि मुलं आत गेली.

सैनिक प्रत्येक मुलाबरोबर व्हरांड्यातून चालत. वर्गाच्या दाराशी त्यांचं काम थांबे. दाराच्या आत राज्यघटना, राष्ट्राध्यक्ष, गव्हर्नर यांच्यापैकी कुणीही नव्हतं. एक शिक्षक होता. काही शिक्षकांनी त्या मुलांना बाकीच्यांसारखंच वागवलं, वर्गात शिस्त ठेवली, प्रश्न विचारले, चुकलं तर चुकलं म्हणून सांगितलं. काहींनी मागच्या बाकांवर चाललेलं ऐकू येत नसल्यासारखं केलं. ज्या तासाला शिक्षक नजर वळवत असे, त्या तासाला बाहेरच्या सैनिकाचा काही उपयोग नव्हता. मुलींच्या उपमुख्याध्यापिका एलिझाबेथ हकाबी स्वतः इंग्रजीच्या शिक्षिका. तक्रारी ऐकणं, नोंदी ठेवणं, पालकांना बोलावणं हेच त्यांचं वर्षभराचं काम होऊन बसलं. त्यांनी 1980 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यात वीरश्री जवळजवळ नाही, शाळेतल्या कटकटीच जास्त आहेत, म्हणून मला ते विश्वासार्ह वाटतं. अर्नेस्ट ग्रीन हा नऊ जणांतला एकटा शेवटच्या वर्षाला होता. मे 1958 मध्ये सहाशेहून अधिक विद्यार्थ्यांबरोबर त्यानं पदविका घेतली. प्रेक्षकांत मार्टिन ल्यूथर किंग बसले होते.

सैनिक लिटल रॉकमध्ये पोहोचून दहा दिवस होत नाहीत तोच, 4 ऑक्टोबर 1957 ला सोव्हिएत संघानं स्पुतनिक हा उपग्रह सोडला. हायस्कूलमध्ये विज्ञान नीट शिकवलं जात नाही म्हणून आपण मागे पडलो, असा गलका अमेरिकेत उठला. 2 सप्टेंबर 1958 ला आयझेनहॉवर यांनी राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्यावर सही केली. विज्ञान, गणित आणि परदेशी भाषांच्या विभागांना प्रयोगशाळा आणि उपकरणांसाठी पैसा मिळणार होता. आणि त्याच महिन्यात फॉबस यांनी लिटल रॉकची चारही हायस्कूलं बंद केली, एकही कृष्णवर्णीय मूल गोऱ्यांच्या शाळेत जाऊ नये म्हणून. शहरानं मतदान घेतलं. शाळा बंद ठेवण्याच्या बाजूनं 19,470 मतं, विरुद्ध 7,561.

त्या वर्षाला तिथले लोक हरवलेलं वर्ष म्हणतात. मुलं नव्हती, पण शिक्षकांचे करार होते, म्हणून ते रोज शाळेत येत. हजेरी लावत, रिकाम्या वर्गात बसत, कधी खालच्या वर्गांच्या शाळांत बदली शिक्षक म्हणून जात. फुटबॉलचा संघ मात्र खेळत राहिला.  अनेक गोरी मुलं खाजगी शाळांत किंवा नातेवाइकांकडे दुसऱ्या गावी गेली. कृष्णवर्णीय मुलांपैकी निम्म्यांच्या आसपास मुलांना त्या वर्षी कुठंच शाळा मिळाली नाही.

5 मे 1959 ला शाळा मंडळाची बैठक झाली. सहा सदस्य, तीन-तीन अशी फूट. मवाळ गटाचे तिघं उठून गेले, आणि उरलेल्या तिघांनी 44 शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना काढून टाकलं. सेंट्रलचे मुख्याध्यापक जेस मॅथ्यूज आणि हकाबीबाई त्यांत होते. आरोप असा की हे लोक वंशमिसळीला अनुकूल आहेत. गंमत बघा. शाळा बंद झाल्या तेव्हा शहरानं बहुमतानं मान डोलावली, पण आपल्या पोराला इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंना काढलं म्हटल्यावर शहर पेटलं. व्यापारी, पालक, गृहिणी एकत्र आले, सह्या गोळा झाल्या, आणि 25 मे रोजी मतदान घेऊन त्या तीन सदस्यांना मंडळातून हटवण्यात आलं. काढलेल्यांपैकी बहुतेकांना पुन्हा घेतलं, आणि ऑगस्टमध्ये शाळा उघडल्या. मिसळण्याच्या प्रश्नावर जे शहर हललं नाही, ते शिक्षकांच्या प्रश्नावर हललं. इतिहासकार याची कारणं वेगवेगळी देतील, धंदा बुडत होता हेही त्यात आहेच. पण लोकांना आपले शिक्षक ओळखीचे होते, आणि ही ओळख त्या शिक्षकांनी आधीच्या वीस-पंचवीस वर्षांत कमावलेली होती.

राज्यानं शिक्षकांसाठी एक कायदाही केला होता. प्रत्येक शिक्षकानं गेल्या पाच वर्षांत आपण ज्या ज्या संस्थेचे सभासद होतो किंवा जिला वर्गणी दिली, तिचं नाव दर वर्षी प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायचं. रोख कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपीवर होता. पंचवीस वर्षं लिटल रॉकमध्ये शिकवणाऱ्या बी. टी. शेल्टन या शिक्षकानं ती यादी द्यायला नकार दिला आणि त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. डिसेंबर 1960 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमतानं तो कायदा रद्द केला.

आपल्याशी याचा संबंध किती? थोडा आहे. माध्यमिक शिक्षणासाठी नेमलेल्या 1952-53 च्या मुदलियार आयोगावर केनेथ रास्ट विल्यम्स हे अमेरिकन सदस्य होते, आणि आयोगानं सुचवलेल्या बहुउद्देशीय शाळांत त्या अमेरिकन हायस्कूलची छाया दिसते. ती योजना आपल्याकडे फारशी रुजली नाही. आपल्या बहुतेक शाळांत विभाग नावाची गोष्टच नसते. गणिताचे दोन शिक्षक असतात आणि बऱ्याचदा ते एकमेकांशी बोलत नाहीत, कारण चांगली तुकडी कुणाला मिळाली यावर त्यांचं वाजलेलं असतं.

म्हणून माझी मागणी लहान आहे. येत्या जूनमध्ये वेळापत्रक होईल तेव्हा ते फक्त आपल्या तासांपुरतं वाचू नका. कोणत्या मुलांना कोणता शिक्षक दिला, प्रयोगशाळेची किल्ली कोणत्या तुकडीसाठी उघडते, नव्या मानधनवाल्या सहकाऱ्याच्या वाट्याला शेवटचे तास का आले, हे बघा. आपल्या विषयाचा दुसरा शिक्षक शोधा, त्याच्याबरोबर चहा घ्या, भांडण असेल तर आधी मिटवा, आणि मग दोघं मिळून मुख्याध्यापकांकडे जा.