तोफगोळा घरी नेण्याआधी



‘समुद्रातल्या तोफा जमवणारा’ अशी माझी ओळख करून दिली गेली. संग्रह तसा लहानच. इंग्लंडमध्ये नोकरीला असताना रीतसर कागदपत्रांसह घेतलेले तीन ओतीव लोखंडाचे गोळे, एवढाच. पण या छंदातून कळलेली एक गोष्ट सांगतो. समुद्रातून वस्तू काढायला एक दिवस पुरतो, ती टिकवायला वर्षं लागतात.

विज्ञानाच्या तासाचा खिळ्यांचा प्रयोग आठवतो ना? उकळलेल्या पाण्यात, वर तेलाचा थर असलेला खिळा गंजत नव्हता, कारण त्याला हवा मिळत नव्हती. समुद्रतळाच्या गाळातही हवा फारशी पोचत नाही. ‘मेरी रोझ’ हे इंग्रजांचं लढाऊ जहाज १५४५ साली पोर्टस्मथजवळ बुडालं, त्याचा सांगाडा १९८२ साली वर काढला. त्या जहाजाचे हजाराहून अधिक तोफगोळे मिळाले.

मात्र तेवढ्या काळात खारं पाणी लोखंडात मुरतं. बरंच लोखंड झिजून ग्राफाइट मागे उरतं. आकार तोच, वजन कमी. असा गोळा बाहेर वाळला, की आतले क्लोराइड क्षार आणि दमट हवा मिळून त्याला फोडतात. म्हणून संग्रहालयांत तो सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात महिनोन्‌महिने ठेवून क्षार काढतात. तोफेला तर काही वर्षं लागतात.

माझा एक गोळा आधीच्या मालकानं नुसता वाळवून व्हार्निश लावलेला होता. इथे आणल्यावर दोन पावसाळ्यांत त्याचे पापुद्रे सुटले. आज तो डब्यात भुगा होऊन पडला आहे. कितीतरी शतकं टिकलेली वस्तू माझ्या डोळ्यांदेखत गेली.

आपल्यापैकी बऱ्याच घरांत आजही मासेमारी चालते. जाळ्यात गोळा आला तर तो खरवडू नका, उन्हात ठेवू नका. काही गोळे पोकळ असतात, आत दारू असू शकते. भोक पाडू नका, तापवू नका. तो समुद्राच्याच पाण्यात बुडवून ठेवा, सापडल्याची जागा लिहा आणि पोलीस व पुरातत्त्व खात्याला कळवा. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांपूर्वीची अशी वस्तू पुरावस्तू ठरते.

दिवाणखान्यात मिरवायला तोफगोळा छान दिसतो, हे मी नाकारत नाही. पण ज्याला त्याची निगा राखता येणार नाही, त्यानं तो समुद्रातच राहू द्यावा. गाळ त्याला आपल्यापेक्षा चांगला सांभाळतो.