मे महिन्यातलं जैसलमेर

मे महिन्यात जैसलमेरला निघालो म्हटलं, की लोक वेड्यात काढतात. त्यांचं फारसं चुकतही नाही. या दिवसांत तिथला पारा पंचेचाळिशी सहज गाठतो. पण मुलांना सुट्टी तेव्हाच असते, आणि हॉटेलांचे दरही उतरलेले असतात. तेव्हा जा, फक्त दिवस उलटा आखा.

उजाडताच किल्ला गाठा. रावळ जैसलने ११५६ मध्ये वसवलेल्या या किल्ल्यात आजही कुटुंबं नांदतात. ऊन चढलं की पटवांच्या हवेलीत शिरा आणि पिवळ्या दगडात कोरलेल्या जाळीपाशी जरा थांबा. ऊन बाहेर अडतं, वाऱ्याची झुळूक तेवढी आत येते. कारागिरांनी नुसती नक्षी कोरली नव्हती! दुपार मात्र खोलीतच काढा. समच्या वाळूच्या टेकड्या चाळीसेक किलोमीटरवर आहेत. तिथे उन्हं कलल्यावरच जा. जेवणात केर-सांगरीची भाजी आणि भरपूर ताक. सोबत सुती कपडे, उपरणं आणि ओआरएसची पाकिटं.

घरात तान्हं बाळ किंवा हृदयविकाराचा रुग्ण असेल, तर मात्र ही सहल सरळ डिसेंबरवर ढकला.