डेमरेज कोण भरणार?



मी काही पुढारी नाही. मॅट्रिक पास, गोदीत कंत्राटावर हमाल, रात्री कविता लिहितो. एवढीच माझी डिग्री. मंडळाची पोरं म्हणाली, तुझ्या बहिणीनं डॉक्टरकीची सीट सोडली, त्यावर बोल. सगळ्या कोलशेतात त्याचीच चर्चा आहे. असू दे चर्चा. नळावर कुजबुज होण्यापेक्षा इथं समाजमंदिरात माइकवर झालेली बरी. ती स्वतः बोलायला तयार होती, पण आज तिची पाळी आहे लॅबमध्ये. जे बोलतोय ते तिला विचारून बोलतोय.

आधी काय घडलं ते ऐका, शिव्या मग द्या.

पोरगी नीटला बसली. क्लास नाही, पोटमाळा आणि जुनी पुस्तकं. मार्क पडले, आपल्या यादीतून तिला एमबीबीएसची सीट लागली. कॉलेज खाजगी, इथून रात्रभर गाडीत बसावं लागेल इतकं लांब. नाव घेत नाही, कारण एकाचं घेतलं की बाकीचे साव ठरतात. आईनं पेढे वाटले. तुम्हीच खाल्ले. कागदावर हिशेब सोपा होता: अनुसूचित जातीच्या पोरांची ट्युशन फी सरकार भरतं. मग आम्ही कॉलेजच्या खिडकीवर उभे राहिलो. खिडकीतला माणूस म्हणाला, सरकारचे पैसे येतील तेव्हा येतील, ते आले की तुमचे परत करू. आता फीचा पहिला हप्ता, हॉस्टेल, मेस आणि डिपॉझिट भरा. बेरीज झाली एक लाख ऐंशी हजार. मुदत तीन दिवस.

घरात होते बावीस हजार. आई त्या टॉवरमध्ये चार घरची धुणीभांडी करते. कुठला टॉवर ते तुम्हाला माहीत आहे. क्लॅरियंटची रंग-रसायनाची कंपनी होती तिथं आज लोढाचे टॉवर आहेत. बाप ज्या कोलशेत रोडवर भोंग्याच्या आवाजावर कामाला जायचा, त्याच रोडवर आई लिफ्टनं चौदाव्या मजल्यावर भांडी घासायला चढते. सर्व्हिस लिफ्टनं, हे सांगायला नको. व्याजानं पैसे द्यायला एक जण तयार होता. महिना शेकडा पाच. दीड लाखाचं व्याज महिन्याला साडेसात हजार होतं. माझी हजेरी भरली तर सोळा हजार, बोट लागली नाही तर तेवढेही नाहीत. मुद्दल तर बाजूलाच राहिलं. मी म्हणालो, घेतो. तीच म्हणाली, "दादा, मी मुडद्यावर शिकणार आणि तू जिता असून मुडदा होणार. नको. मी परत बसते."

सीट घेतली नाही. ती लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावते, रात्री अभ्यास करते, परत परीक्षेला बसणार आहे. एवढंच घडलं.

आता तुमचं म्हणणं. पहिलं म्हणणं असं की आपल्या माणसांनी लढून मिळवलेली राखीव जागा हिनं वाया घालवली. नाही घालवली. मुदतीत नाकारलेली सीट पुढच्या फेरीत त्याच यादीतल्या पुढच्या पोराला मिळते. म्हणजे आपल्यातलंच कोणीतरी त्या बाकावर बसलं असेल, ज्याच्या बापाकडं एक लाख ऐंशी हजार होते किंवा ज्यानं पाच टक्क्यांनी काढले. वाया जाते ती उशिरा सोडलेली सीट. म्हणून कुणाला सोडायचीच असेल तर लाजेपायी शेवटच्या दिवसापर्यंत कुजवू नका. पोरांनो, हे नीट ऐका, पेढ्यापेक्षा कामाचं आहे. अखिल भारतीय कोट्यात गेली काही वर्षं असं चाललंय: पहिल्या फेरीत लागलेली सीट न घेता मोकळं होता येतं. दुसऱ्या फेरीत लागली आणि नाही घेतली तर अनामत बुडते. अगदी शेवटच्या फेरीत लागलेली नाकारली तर पुढल्या वर्षी परीक्षेलाही बसू देत नाहीत. राज्याच्या कोट्याचे नियम वेगळे. दोन्ही पुस्तिका दरसाल बदलतात, त्या त्या वर्षीची वाचा. वयाचं म्हणाल तर २०२२ पासून नीटला वयाची वरची अट राहिलेली नाही, आणि किती वेळा बसायचं यालाही मर्यादा नाही. तेव्हा "वय निघून जाईल" हे लग्न जुळवणाऱ्यांचं म्हणणं आहे, परीक्षा घेणाऱ्यांचं नाही.

दुसरं म्हणणं जास्त लागलं. एक काका म्हणाले, बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं आणि तुम्ही आलेलं शिक्षण परत पाठवता.

काका समोरच बसलेत, म्हणून मानानं सांगतो. ऑक्टोबर १९१६ मध्ये बाबासाहेब लंडनला स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्येही नाव घातलं. १९१७ साली बडोद्याची शिष्यवृत्ती संपली. डोकं होतं, सीट होती, पैसा नव्हता. अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावं लागलं. पण येताना त्यांनी एक गोष्ट केली, ती आपण फोटोला हार घालताना विसरतो. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करीन, अशी परवानगी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली. दार लोटलं, पण कडी घातली नाही. सामान आणि पुस्तकं वेगळ्या बोटीनं पाठवली होती, ती बोट महायुद्धात पाणतीर लागून बुडाली. बडोद्यात नोकरी धरली तर राहायला खोली कोणी देईना. पारशी वसतिगृहातून काठ्या घेऊन आलेल्यांनी हाकललं. मग नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी धरली, पगार ४५० रुपये. पै-पै राखली. शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्रानं कर्ज दिलं, आणि १९२० मध्ये ते लंडनला परत गेले. १९२१ ला एमएस्सी, १९२३ ला डीएस्सी. डीएस्सीचा प्रबंधसुद्धा परीक्षकांनी एकदा परत पाठवला होता. दुरुस्त करून पुन्हा दिला तेव्हा पास झाला.

मग कोण म्हणतं की सोडलेलं शिक्षण म्हणजे मेलेलं शिक्षण?

पण इथंच थांबलो तर मीही हारच घातला असं होईल. त्या वर्षांत परळच्या चाळीत रमाई काय खात होती? साडेचारशे रुपये पगाराचा नवरा असून घर हात आखडून चाललं होतं, कारण लंडनसाठी शिल्लक पडायची होती. ते परत लंडनला गेल्यावर तर विचारूच नका. बाबासाहेब थांबू शकले, परत जाऊ शकले, त्यातला एक हिस्सा रमाईनं पोटाला चिमटा घेऊन भरला. माझा विषय हाच आहे. सीट सोडली की घेतली हा सवाल लहान आहे. थांबायचं म्हटलं की थांबण्याचं भाडं कोण भरतं, हा खरा सवाल आहे.

गोदीत त्याला डेमरेज म्हणतात. बोटीतून माल उतरला की ठरावीक दिवस तो फुकट पडू देतात. ते दिवस सरले की रोज भाडं चढतं. मोठा आयातदार हसत भरतो, भाव चढेपर्यंत माल शेडमध्ये ठेवतो. लहान व्यापारी चौथ्या दिवशी मुकादमाच्या पाया पडतो. माल तोच, शेड तीच. फरक खिशाचा.

शिक्षणात डेमरेज भरणारे लोक भरपूर आहेत. त्यांची पोरं सीट सोडतात तेव्हा त्याला "ड्रॉप" म्हणतात. किती गोड शब्द! ड्रॉप घेतला, जणू चॉकलेट घेतलं. लातूर, नांदेड, कोटा इथं रिपीटरच्या बॅचवर बॅच चालतात, आणि त्यांच्या फीमध्ये आमच्या घराचं वर्ष निघेल. तमिळनाडू सरकारनं न्यायमूर्ती ए. के. राजन यांची समिती नेमली होती. २०२१ च्या तिच्या अहवालात आहे की नीट यायच्या आधी तिथं मेडिकलला लागणाऱ्यांत दुसऱ्यांदा बसलेली पोरं सुमारे १२ टक्के होती, २०२०-२१ पर्यंत ती ७१ टक्क्यांवर गेली. आकडा समजून घ्या. आता पहिल्या फटक्यात लागणं हाच अपवाद झालाय. थांबू शकणाऱ्यांसाठी परीक्षा आहे. जो वर्षभर नुसता बसून अभ्यास करू शकतो त्याचं मेरिट, आणि जी रक्ताच्या बाटल्या लावून रात्री वाचते तिचं नशीब! आणि अभिमत विद्यापीठांचं तर विचारू नका, तिथं राखीव जागाच नाहीत, आणि पसंतीच्या यादीत नाव टाकायलाच दोन लाखांची अनामत.

मेडिकलच्या सीटची किंमत या देशात कुणासाठी किती लावली जाते, त्याचा एक जुना नमुना सांगतो. मद्रास प्रांतात जातवार जागा वाटायचा सरकारी हुकूम होता: दर १४ जागांत ब्राह्मणेतर हिंदूंना ६, मागास हिंदूंना २, ब्राह्मणांना २, हरिजनांना २, अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्त्यांना १, मुसलमानांना १. चंपकम दोराईराजन नावाच्या ब्राह्मण बाई मेडिकलला जागा मिळणार नाही म्हणून कोर्टात गेल्या. गंमत बघा, त्यांनी प्रवेशाचा अर्जच केलेला नव्हता. चौकशी केली, मिळणार नाही असं कळलं, तेवढ्यावर खटला. ९ एप्रिल १९५१ ला सुप्रीम कोर्टानं तो हुकूमच रद्द केला. न मागितलेल्या सीटवर अख्खी वाटणी मोडली. मग १८ जून १९५१ ला घटनेची पहिली दुरुस्ती झाली, कलम १५ मध्ये चौथं पोटकलम आलं आणि शिक्षणातल्या राखीव जागांना आधार मिळाला. बाबासाहेब तेव्हा कायदेमंत्री होते. म्हणजे आज जी यादी लागते तिच्या मुळाशीही एक मेडिकलची सीटच आहे.

आणि आपली किंमत? २०२४ साली मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका दलित मजुराच्या पोराला धनबादच्या आयआयटीत सीट लागली. ती पक्की करायला १७,५०० रुपये भरायचे होते. गावानं पैसे गोळा करेपर्यंत २४ जूनचे पाच वाजले, संगणकाचं दार बंद झालं आणि सीट गेली. पोरगं कोर्टाच्या पायऱ्या चढत सुप्रीम कोर्टात पोचलं, आणि ३० सप्टेंबरला कोर्टानं कलम १४२ वापरून त्याला घ्यायला लावलं. कोर्टानं केलं ते चांगलंच केलं, पण दर वेळी १७,५०० रुपयांसाठी देशाचं सर्वांत मोठं कोर्ट उघडायचं का? त्या गावात आधीच एक डबा असता तर?

आता कल्याणच्या आनंदीबाई जोशींचं नाव घेतो. कुणी नाक मुरडू नका. बामणाची बाई, खरं आहे. पण गोपाळरावांनी १८७८ च्या सुमाराला तिच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनऱ्याकडं मदत मागितली तेव्हा उत्तर आलं, ख्रिस्ती व्हा, मग बघू. त्यांनी ती अट नाकारली. ते पत्र छापलं गेलं, अमेरिकेत कार्पेंटरबाईंच्या वाचनात आलं, आणि १८८३ मध्ये आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या, १८८६ ला डॉक्टर झाल्या. मधली पाच वर्षं थांबता आलं, कारण नवऱ्याला टपाल खात्याचा पगार होता आणि परमुलखात एक बाई पाठीशी उभी राहिली. अट नाकारायला नुसती हिंमत पुरत नाही, चूल पेटती राहावी लागते. हे तिच्या जातीला लागू आणि माझ्या बहिणीलाही लागू. फक्त आमच्याकडं कार्पेंटरबाई नाही. आमच्याकडं आपणच आहोत.

म्हणून मी भाषणापेक्षा हिशेब घेऊन आलोय. आमच्या टोळीत अठरा जण आहेत. पोलादाची कॉइल बोटीतून निघते तेव्हा कुणी एकटा तिला हात लावत नाही. लावला तर हात जातो. फॉर्मच्या खिडकीवर मात्र आपण प्रत्येक पोर एकटं पाठवतो. तर असं ठरवू. महिन्याला शंभर रुपये, ज्याला जमेल त्यानं. डबा दोघांच्या सहीनं उघडायचा, त्यातली एक सही बाईचीच. पैसा कॉलेजच्या पहिल्या दिवसासाठी, सरकारची शिष्यवृत्ती येईपर्यंत. आली की डब्यात परत. ज्यानं सीट नाकारून परत बसायचं ठरवलंय, त्याला फॉर्मची फी आणि पुस्तकं डब्यातून. कॉलेजनं जास्तीचे पैसे मागितले तर ते लेखी मागायला दोन जण सोबत जातील, तोंडी मागणीवर एक रुपया द्यायचा नाही. जात पडताळणीचे कागद बारावीच्या आधी काढायचे, निकालानंतर नाही. हे काम मंडळानं अंगावर घ्यावं. पोस्टर लावण्यापेक्षा अवघड आहे, फोटोही येत नाही त्यात.

मला माहीत आहे, कुणीतरी म्हणणार, एवढ्यानं व्यवस्था बदलते का? नाही बदलत. मोर्चा काढायचा तर मी पहिल्या रांगेत आहे. फी आधी मागणाऱ्या कॉलेजांना जाब विचारला पाहिजे, सरकारनं शिष्यवृत्ती पहिल्याच दिवशी दिली पाहिजे. पण मोर्चाचं निवेदन टेबलावर पडून असताना तीन दिवसांची मुदत चालूच असते.

वही आणली आहे. माझ्या टोळीतल्या बारा जणांनी नावं दिलीत. त्यातला एक बिहारचा मुसलमान आहे, शेडमध्येच झोपतो, गावाकडं त्याची पोरगी दहावीत आहे. त्यानं विचारलं, ह्यात माझी पोरगी बसेल का? मी म्हणालो, बसेल. कुणाची हरकत असेल तर आत्ता, माइक चालू असतानाच बोला. नसेल तर वही पुढच्या रांगेपासून फिरू द्या.