भिंतीच्या दरजा



सोलापूरच्या जुन्या पेठांतून फिरतांना खालीं काळ्या दगडाचें जोतें, त्यावर विटांची भिंत आणि वर मातीचें माळवद अशीं घरें अजूनहि क्वचित् दिसतात. अशाच एका घरांत माझें बालपण गेलें. त्याच्या विटा शाबूत होत्या. झिजल्या होत्या त्या मधल्या दरजा. बोट लावलें कीं चुना भुकटी होऊन खालीं येई.

एका उन्हाळ्यांत मीं त्या हौसेनें सिमेंटनें भरून काढल्या. भिंत नीटनेटकी दिसूं लागली आणि मला धन्यता वाटली. परंतु दोन पावसाळे गेले न गेले तोंच विटांचे पापुद्रे सुटूं लागले. दरज जशीच्या तशी, आणि वीट मात्र खाल्लेली! आई एवढेंच म्हणाली, "औषध रोग्यापेक्षां दांडगें झालें रे!"

तें अगदीं खरें होतें. जुनी वीट पाणी पिते, आणि ऊन पडलें कीं तें पाणी बहुतांशीं चुन्याच्या दरजांवाटे बाहेर पडतें. सिमेंटनें ही वाट बुजते. मग पाणी विटेच्या तोंडावाटे निघतें, त्यांतील क्षार तेथेंच सांठतात आणि विटेचा पापुद्रा उडवितात. शिवाय उन्हाळ्यांत आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर जातो. भिंत फुगते, आकसते. मऊ चुना तो ताण सोसतो, सिमेंट तो विटेवर ढकलतें. म्हणून दरज नेहमीं विटेहून मऊ असावी. ती पुन्हां भरतां येते. गेलेली वीट परत येत नाहीं.

हें काम पावसाळा सरल्यावर, कार्तिक-मार्गशीर्षांत काढावें. वैशाखांत चुना पकड घेण्यापूर्वींच सुकतो. छिन्नीनें, हलक्या हातानें, दरजेच्या रुंदीच्या दुप्पट खोलीपर्यंत सुटा चुना काढावा. यंत्राची चकती चालवूं नये. विटांच्या कडा जातात. धूळ झाडून पाणी मारावें. भिंत ओलसर असावी, निथळती नसावी. विरलेला चुना एक भाग व चाळलेली वाळू तीन भाग, असा घट्ट माल कालवावा. कळीचा चुना घरीं विरवूं नये. पाणी पडतांच तो उकळतो. विरलेला चुनाहि डोळ्यांस घातक, तेव्हां चष्मा व हातमोजे हवेतच. अरुंद थापीनें माल थराथरानें दाबून भरावा, विटेच्या तोंडाहून किंचित् आंत ठेवावा, आणि वर ओलें गोणपाट टाकून निदान आठवडाभर ओल राखावी. चुना हवेंतील कर्बवायु शोषून हळूहळू पुन्हां दगड होत असतो. त्याला घाई मानवत नाहीं.

मात्र भिंतीला पोट आलें असेल, किंवा चीर पायऱ्यांसारखी वर चढत असेल, तर थापी खालीं ठेवून अभियंत्यास बोलवावें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत चिखलांत रचलेल्या जाड दगडी भिंतींखालीं हजारों माणसें दगावलीं. भिंतीचीं दोन्ही तोंडें एकत्र बांधणारे आरपार दगड नसले, तर बाहेरून भरलेली दरज काय करणार?

मी पुढें माझें सिमेंट काढूं लागलों, तेव्हां कित्येक विटांच्या कडा त्याबरोबरच तुटल्या. त्या भिंतींत आतां चुना आहे. ती पूर्वीइतकी टापटिपीची दिसत नाहीं. पण पावसांत भिजते आणि उन्हांत सुकते. जुन्या भिंतीपाशीं याहून अधिक काय मागावें?