ब्रेझा की नेक्सॉन? आकड्याशेजारचा आकडा वाचा

मी भिलाईच्या सुपेल्यातून बोलतोय. आजचा विषय घरचाच आहे. बाबा स्टील प्लांटमधून निवृत्त झाले आणि फंडाच्या पैशातून गाडी घ्यायचं ठरलं. आयुष्यात एकदाच खर्च होणारे पैसे, त्यामुळे चूक परवडणार नव्हती. शेवटी दोन पेट्रोल गाड्या उरल्या: मारुतीची ब्रेझा आणि टाटाची नेक्सॉन. दोन्ही मॅन्युअल.

आधी कागद बघू. ब्रेझाचं इंजिन १४६२ सीसी, चार सिलिंडर, साधारण १०३ पीएस. नेक्सॉनचं ११९९ सीसी, तीन सिलिंडर, पण टर्बो असल्यामुळे १२० पीएस. लहान इंजिनाची ताकद जास्त! मग झालं की, नेक्सॉन घ्या. मीही असंच म्हणालो होतो.

बाबा म्हणाले, "अरे, ताकद कितव्या आरपीएमला आहे ते वाच."

तिथेच खरी गोष्ट आहे. टॉर्क म्हणजे चाक फिरवणारा जोर. नेक्सॉनचा टॉर्क १७० न्यूटन मीटर आणि तो १७५० ते ४००० आरपीएमपर्यंत पूर्ण मिळतो. ब्रेझाचा १३७, तोही ४४०० आरपीएमला. म्हणजे ट्रकला ओलांडताना ब्रेझाचा गिअर खाली टाकून इंजिन पळवावं लागतं. नेक्सॉन बहुतेक वेळा आहे त्याच गिअरमध्ये पुढे निघते.

पण आमच्या सुपेला चौकात, संध्याकाळच्या गर्दीत, उलटं घडलं. तिथे इंजिन १७५० च्या खालीच रेंगाळतं. टर्बो जागा व्हायला क्षणभर घेतो, मग गाडी एकदम ओढते. ब्रेझा मात्र मऊ, न अडखळता सरकते. चार सिलिंडरचा फरक कानालाही कळतो.

टेस्ट ड्राइव्हला आम्ही चौघंही बसलो, एसी सुरू ठेवून. एकट्याने रिकामी गाडी फिरवून काहीच कळत नाही. भार टाकल्यावर कळतं.

आता सुरक्षा. २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी नेक्सॉन. २०२४ मध्ये नव्या नेक्सॉननेही पाच तारे मिळवले. ब्रेझाच्या आधीच्या पिढीला २०१८ मध्ये चार. सामानाची जागा नेक्सॉनची ३८२ लिटर, ब्रेझाची ३२८.

आणि कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटर आणि १२०० सीसीच्या आतल्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के जीएसटी. यातली एक अट मोडली तरी ४० टक्के. लांबीत दोन्ही बसतात, इंजिनात ब्रेझा बसत नाही. अर्थात, किमतीत कर धरलेलाच असतो. म्हणून टक्के बघू नका, ऑन-रोड आकडा लिहून मागा.

आम्ही काय घेतलं? आजी नागपूरला असते. राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा असा रस्ता, महिन्यातून दोनदा. म्हणून नेक्सॉन. गाडी फक्त सुपेला ते सिव्हिक सेंटर फिरणार असती तर मी ब्रेझा घेतली असती, आणि ते चुकलं नसतं.

तेव्हा मंडळी, आधी आपला रस्ता लिहा, कितीजण बसणार ते लिहा. मग कागद उघडा. भेटू पुढच्या भागात. सावकाश चालवा!